शिफारस कोणाच्या नावावर?

नमस्कार मंडळी. राष्ट्रीय सुरक्षेच्या धोरणावर संशोधन करणारी माणसं नेमकं काय करतात, आणि अशा संस्थेचं नेतृत्व करणारा माणूस कसा घडतो, हा आजचा विषय. परदेशात राहणारी मुंबईची बरीच कुटुंबं आज सभागृहात आहेत, म्हणून उदाहरणंही मुंबईचीच घेणार आहे.

सुरुवात आपल्या यशवंतरावांपासून करावी लागते. चव्हाण संरक्षणमंत्री असताना, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, दिल्लीत आयडीएसए, म्हणजे संरक्षण धोरणाचा अभ्यास करणारी संस्था, स्थापन झाली. आज तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. तिथे १९६८ मध्ये संचालक म्हणून आले के. सुब्रह्मण्यम. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांनी कोणाची कारकीर्द बारकाईने पाहावी, तर यांची.

ते १९५१ च्या तुकडीचे आयएएस अधिकारी. आधी संरक्षण मंत्रालयात काम, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास, मग संस्था. १९७५ नंतर ते परत सरकारात गेले, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष झाले, संरक्षण उत्पादन सचिव झाले, आणि १९८० ते १९८७ पुन्हा संस्थेचे संचालक. ही ये-जा फार मोलाची. फाईल कुठल्या टेबलावर अडते हे मंत्रालयात बसल्याशिवाय कळत नाही, आणि फाईलवर लिहिता येणार नाही असं बरंच काही संस्थेत बसून लिहिता येतं. १९९९ मध्ये त्यांनी पद्मभूषण नाकारलं, कारण नोकरशहा आणि पत्रकारांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत असं त्यांचं मत होतं. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या पदांइतकीच महत्त्वाची वाटते.

कारगिलचं युद्ध संपल्यावर तिसऱ्या दिवशी, २९ जुलै १९९९ रोजी, त्यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. हा चौकशी आयोग नव्हता, कोणाला समन्स काढायचा अधिकार समितीला नव्हता. तरी कागद मिळाले, माणसं येऊन बोलली, आणि वर्ष संपायच्या आत अहवाल तयार झाला. फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग गाळून, तो संसदेत मांडला गेला. खरी कसोटी पुढे होती. मंत्रिगट बसला, त्याच्या हाताखाली चार कृतिगट नेमले गेले. सीमा व्यवस्थापनाचा गट महाराष्ट्र केडरच्या माधव गोडबोले यांच्याकडे होता. शिफारशींची वाटणी झाली, म्हणून काही गोष्टी भराभर झाल्या: २००१ मध्ये एकात्मिक संरक्षण मुख्यालय, २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था. तिन्ही दलांसाठी एक प्रमुख मात्र ‘राजकीय पक्षांशी चर्चा करून ठरवू’ म्हणून बाजूला पडला. ते पद भरलं गेलं १ जानेवारी २०२० ला.

आता मुंबई. २६/११ नंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि माजी गुप्तचर अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. दोघंही जाणते. पण समिती राज्याची, त्यामुळे केंद्रीय गुप्तचर यंत्रणा तिच्या कार्यकक्षेबाहेर राहिल्या. म्हणून नेमणुकीच्या आदेशातला कार्यकक्षेचा परिच्छेद संशोधकाने सगळ्यात आधी वाचावा. अहवाल कुठे थांबणार, हे तिथेच लिहिलेलं असतं.

हल्लेखोर कफ परेडला मच्छीमार नगरात उतरले, आणि त्यानंतर ‘किनाऱ्यावर गस्त वाढवावी’ हे वाक्य प्रत्येक कागदात आलं. त्या एका वाक्यात काय काय दडलंय ते पाहा. गस्तीची बोट केंद्राच्या योजनेतून येते. माणसं राज्याने द्यायची. पोलिस शिपाई बोटीवर चढला म्हणून बोट चालत नाही. सारंग म्हणजे बोट हाकणारा लागतो, इंजिन ड्रायव्हर लागतो, खलाशी लागतात. ही पदं गृह विभागाने मागायची आणि वित्त विभागाने मंजूर करायची. मंजुरी लांबली की बोट बांधून राहते, आणि खाऱ्या पाण्यात उभं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर बिघडतं. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरने बदलते. जेट्टी तरंगती नसेल तर ओहोटीला बोट निघतच नाही. वीस मीटरहून लांब बोटींना, बोट कोणती आणि कुठे आहे हे कळवणारं स्वयंचलित ओळख यंत्र सक्तीचं झालं, पण कोळीवाड्यातल्या बहुतेक बोटी त्याहून लहान. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, तरी पगार, डिझेल, दुरुस्ती यांची लेखाशीर्षं, म्हणजे अर्थसंकल्पातली खर्चाची सदरं, वेगवेगळ्या खात्यांकडेच राहतात.

म्हणून चांगल्या शिफारशीत पाच गोष्टी हव्यातच: कोणी करायचं, किती पदं, कुठल्या लेखाशीर्षातून, कधीपर्यंत, आणि झालं की नाही हे कोण तपासणार. ‘सरकारने करावे’ असं लिहिलं की ते कोणाचंच काम राहत नाही. वेळही सांभाळावी लागते. मंत्रालयांचे अर्थसंकल्पी अंदाज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठरतात; जानेवारीत पाठवलेला उत्तम कागद वर्षभर मागे पडतो.

नवख्याची पहिली काही वर्षं वाचनातच जातात, आणि जावीत: संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल, अनुदानाच्या मागण्या, संसदेतली लेखी उत्तरं. मागच्या वर्षी दिलेलं आश्वासन आणि यंदाची तरतूद शेजारी-शेजारी मांडता आली की पाया पक्का झाला म्हणा. मुंबईत राहून हे करायचं तर कुलाब्याला २००९ पासून गेटवे हाऊस आहे. पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

नेतृत्वाकडे आलं की पैशाचा प्रश्न येतो, आणि तो तुमच्याशी थेट जोडलेला आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी कायद्याने परकीय अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची, म्हणजे ओसीआय कार्डधारकाची, धरली जाते. अशी देणगी घ्यायची तर संस्थेची परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. चेक लिहिण्याआधी संस्थेकडे नोंदणी क्रमांक मागा, आणि तुमचा पासपोर्ट कुठला आहे हे पत्रात स्पष्ट लिहा.