झाकली मूठ कुणाची?

नमस्कार. मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? बरं.

पत्रिकेवर विषय छापलाय तो फार भारदस्त आहे: 'तुरुंगवास, श्रमबाजार आणि वंशभेद'. मी बोलणार आहे एका चौकोनाबद्दल. बोटाच्या पेराएवढासुद्धा नसलेल्या. अमेरिकेत दुकानात माल लावायचं काम असो की बर्गरच्या दुकानात तळणीपुढे उभं राहायचं, अर्जावर एक प्रश्न असायचा: तुम्हाला कधी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का? आणि शेजारी खूण करायला चौकोन.

हा चौकोन किती जणांच्या आड येतो? 1970 च्या सुमाराला तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास कैदी होते. 2008 मध्ये सोळा लाखांच्या आसपास. स्थानिक कोठड्या धरल्या तर तेवीस लाख. गुन्हे काही त्या पटीत वाढले नव्हते, कायदे कडक झाले होते. 1986 चा एकच कायदा घ्या. पाच ग्रॅम क्रॅक, म्हणजे ओढायचं खडेदार कोकेन, सापडलं तर किमान पाच वर्षं आत. कोकेनची पूड असेल तर तेवढ्याच शिक्षेसाठी पाचशे ग्रॅम लागायची. मूळ द्रव्य एकच! पण क्रॅकच्या खटल्यांत उभे राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय. हे शंभरास एक प्रमाण 2010 मध्ये बदललं, तेही अठरास एकवर आलं.

आणि हे तुरुंगातले लोक आकडेवारीतून गायब होतात, ते वेगळंच. बेरोजगारी मोजणारे घरोघर जातात, तुरुंगात जात नाहीत. पॅट्रिक बेयर आणि कर्विन चार्ल्स या अर्थशास्त्रज्ञांनी तुरुंगातल्यांसकट काम नसलेल्यांनाही हिशेबात धरलं, तेव्हा कमाईच्या क्रमवारीत मधोमध असलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पुरुषाच्या कमाईतली दरी 2014 मध्ये जवळजवळ 1950 सालाइतकीच निघाली. नागरी हक्कांची अख्खी चळवळ मधे होऊन गेली, हे लक्षात घ्या.

आता चौकोनाकडे. 2001 मध्ये डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात चार तरुण नोकरी मागायला पाठवले, दोन गोरे, दोन कृष्णवर्णीय. शिक्षण, अनुभव सारखा. जोडीतला एक जण सांगायचा, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अठरा महिने काढलेत. हे सोंग आलटून पालटून घ्यायचे. स्वच्छ गोऱ्याला शंभरातून 34 ठिकाणांहून बोलावणं आलं, शिक्षा झालेल्या गोऱ्याला 17. कृष्णवर्णीयांत स्वच्छ तरुणाला 14 आणि शिक्षा झालेल्याला 5. म्हणजे तुरुंगातून आलेला गोरा, कधीच तुरुंगात न गेलेल्या कृष्णवर्णीयाच्या पुढे. मी हे आकडे वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा कुणीतरी हटकून विचारतं, सर, रकाने उलटे झाले का? नाही झाले.

मग चळवळ उभी राहिली: चौकोनच काढून टाका. पहिल्या अर्जात विचारायचंच नाही, मुलाखत होऊ दे, मग बघा. मलाही हे तेव्हा पटलं होतं. आपण म्हणतोच, झाकली मूठ सव्वा लाखाची. 2015 मध्ये न्यू जर्सी राज्यात आणि न्यूयॉर्क शहरात हा कायदा लागू झाला. कायदा येतोय हे आधीच ठाऊक असल्यामुळे अमांडा एगन ही अर्थशास्त्रज्ञ आणि सोन्या स्टार ही कायद्याची प्राध्यापक, दोघी आधीपासून दबा धरून बसल्या होत्या. बनावट उमेदवारांचे सुमारे पंधरा हजार ऑनलाइन अर्ज त्यांनी दुकानांच्या आणि हॉटेलांच्या साखळ्यांना धाडले, काही कायद्याआधी, काही नंतर. नावं अशी की वाचताच कळावं गोरा की कृष्णवर्णीय. मोजायचं इतकंच: फोन येतो का?

चौकोन होता तेव्हा गोऱ्या नावांना 7 टक्के जास्त फोन येत होते. चौकोन गेल्यावर त्याच कंपन्यांत ही तफावत 43 टक्के झाली.

असं का, ते नीट पाहू. शिक्षा झालेला माणूस मालकांना नको असतो, हे याच प्रयोगात दिसलं होतं. चौकोन होता तिथे स्वच्छ उमेदवाराला 63 टक्के जास्त फोन. आता विचारता येत नाही, म्हणून मॅनेजर अंदाज बांधतो, आणि अंदाजाला हाताशी काय असतं? नाव. पूर्वी स्वच्छ कृष्णवर्णीय पोराला 'नाही'वर खूण करून आपली बाजू मांडता येत होती. तीच सोय गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची ठरली, पण गोऱ्याची. जेनिफर डोलॅक आणि बेंजामिन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष रोजगाराचे आकडे पाहिले, तर जिथे असे कायदे आले तिथे पदवी नसलेल्या तरुण कृष्णवर्णीय पुरुषांत नोकरीत असण्याचं प्रमाण 3.4 टक्के बिंदूंनी घसरलं होतं.

हे फक्त तिथलंच, असं समजून आपण मान डोलवायचं कारण नाही. आपले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांच्याबरोबर 2005 पासून भारतात अगदी असेच अर्ज खासगी कंपन्यांना धाडले होते. पात्रता तीच, फक्त नाव-आडनाव वेगळं. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्णाच्या साधारण दोनतृतीयांश भरली, मुस्लिम नावाला त्याहून बरीच कमी. आपल्याकडे चौकोन वेगळा छापावा लागत नाही.

मग चौकोन परत आणायचा? काही जण तसं म्हणतात. मला ते पटत नाही, कारण तोवर शिक्का बसून गेलेला असतो. शिक्का बसायच्या आधी काय करता येतं ते टेक्सासमध्ये दिसलं, तेही अपघातानंच. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत आहे तिथे 2007 मध्ये तुरुंग वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि अनपेक्षितपणे पडला. जागा वाढणार नाही म्हटल्यावर न्यायालयांनी हात आखडता घेतला. पहिल्यांदाच सापडलेल्या कितीतरी आरोपींना अटींवर सोडलं. अटी पाळल्या तर दोषी म्हणून नोंदच नाही. मतदानाच्या थोडं आधी सापडलेला आणि थोडं नंतर सापडलेला, माणसं सारखीच, फरक फक्त तारखेचा. अर्थशास्त्रज्ञाला याहून काय हवं? मायकेल म्यूलर-स्मिथ आणि केविन श्नेपल यांनी या दोन गटांचा दहा वर्षं माग काढला. नोंद टळलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, रोजगार जवळजवळ पन्नास टक्क्यांनी वाढला.

मतदारांपुढे यातलं काहीच नव्हतं. त्यांना विचारलं होतं फक्त तुरुंग बांधायचा का, आणि ते नाही म्हणाले होते. असो, वेळ संपत आली. त्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, माईक आधी त्यांच्याकडे द्या.