मुठीचे किलो

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मुठीच्या जोराबद्दल. हा जोर किलोत मोजतात. यंत्राचं नाव डायनॅमोमीटर. दांडा मुठीत धरायचा, आवळायचा. काटा जिथवर जाईल तो आपला जोर. अठराव्या शतकाच्या अखेरीस रेनिये या फ्रेंच माणसाने असं यंत्र बनवलं होतं, म्हणजे कल्पना जुनीच.

मोजायची रीत ठरलेली. खुर्चीत बसायचं, कोपर अंगालगत, काटकोनात, आणि मनगट सरळ. तीनदा आवळायचं, सरासरी काढायची. मनगट सरळ बरं का! खोटं वाटत असेल तर आत्ता मनगट आत मुडपून मूठ आवळून बघा. गेला ना जोर?

तर एकदा मी हे यंत्र घरी आणलं होतं. शेजारचा मुलगा आला, व्यायामशाळेत जाणारा. (हा हस्तांदोलन करताना बोटं चिरडतो. अशांना वाटतं, आपली छाप पडली. पडते, पण बोटांवर.) त्याने आवळलं : ५६ किलो! मावशी बसली होती, सांधेदुखीवाली. तिचे भरले १७. पोरगं हसलं. मी घट्ट झाकणाची एक बरणी त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, उघड.

तळवे घामेजलेले. आवळतोय, आवळतोय, कान लाल झाले, पण हात झाकणावरून नुसता सटकतोय. मावशी उठली. भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला, झाकणावर तळवा दाबला आणि खांद्यातून जोर देत फिरवलं. टक्!

कारण झाकण नुसतं आवळून फिरत नाही. पकड लागते, म्हणजे घर्षण. आणि झाकणाची रुंदी. रुंद झाकणाला कमी जोर पुरतो, पण बोटांच्या कवेत मावेल इतकंच रुंद हवं. म्हणून झाकण बनवणाऱ्याला नुसते किलो मोजून भागत नाही, हात त्या वस्तूवरच मोजावा लागतो. आणि मोजल्यावर सगळ्या लोकांची सरासरी धरायची नाही. सरासरी धरली की साधारण निम्मे लोक झाकणाशी झटत बसतात. धरायचा तो अशक्त हात. पुन्हा सांगतो, अशक्त हात.

मावशीने बरणी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "हे झाकण करणाऱ्याने कुणाचा हात मोजला होता रे?"

मी त्या पोराकडे बोट दाखवलं. "बहुतेक याचाच. पण कोरडा."