लॅरी नेल्सन : न गाजलेला विजेता

(ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, खाडीपलीकडे खारघरला सिडकोने गोल्फचे मैदान उभारले असले, तरी आपल्यापैकी बहुतेकांची या खेळाशी ओळख टीव्हीपुरतीच आहे, आणि तिथे टायगर वुड्स, जॅक निकलस यांच्यापलीकडची नावे क्वचितच कानांवर पडतात. लॅरी नेल्सन हे अशा मागे राहिलेल्या नावांपैकी एक.

१९४७ साली अलाबामात जन्मलेले आणि जॉर्जियात वाढलेले नेल्सन बेसबॉल खेळत. व्हिएतनाम युद्धातून सैनिक म्हणून परतल्यावर, २१व्या वर्षी, ते गोल्फकडे वळले. १९७१ मध्ये व्यावसायिक झाले आणि १९७४ पासून पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, खेळू लागले. सहाव्या-सातव्या वर्षी मुलाला प्रशिक्षणाला घातले नाही तर वेळ हुकली, असे मानणाऱ्या पालकांनी या वर्षांचा जरूर विचार करावा.

गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एक असलेली पीजीए चॅम्पियनशिप त्यांनी १९८१ आणि १९८७ मध्ये जिंकली. या दोहोंच्या मधली, १९८३ ची यूएस ओपन ही दुसरी प्रमुख स्पर्धा मात्र सविस्तर सांगितलीच पाहिजे. पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट हे मैदान अतिवेगवान ग्रीनसाठी, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीसाठी, भल्याभल्यांना धडकी भरवणारे. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो, आणि तिथे चारपैकी पहिल्या दोन फेऱ्यांत ७५ आणि ७३ फटके लागल्याने नेल्सन यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. तिसऱ्या फेरीत त्यांनी ६५ फटके घेतले. रविवारी वादळी पावसाने खेळ थांबला, तेव्हा ते आणि नामांकित अमेरिकन खेळाडू टॉम वॉटसन बरोबरीत होते. सोमवारी सकाळी अठरापैकी सोळाव्या होलवर नेल्सन यांचा चेंडू ग्रीनवर आला खरा, पण होलपासून सुमारे ६२ फुटांवर थांबला. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते. जवळजवळ तेवढ्या अंतरावरून, उतारावर वळणारा चेंडू एका फटक्यात होलमध्ये घालणे ही अपेक्षा कोणी बाळगत नाही, खेळाडू दोन फटक्यांत सुटलो तरी पुष्कळ मानतो. तो चेंडू मात्र थेट आत गेला. अखेरची फेरी ६७ वर संपली, शेवटच्या दोन फेऱ्यांचे १३२ फटके हा त्या स्पर्धेचा नवा विक्रम ठरला, आणि वॉटसन यांच्यावर त्यांनी एका फटक्याने मात केली.

अमेरिका आणि युरोपच्या संघांत होणाऱ्या रायडर कपमध्ये १९७९ आणि १९८१ मिळून ते नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. १९७९ च्या पाचांपैकी चार सामन्यांत समोर स्पेनचे सेव्हे बॅलेस्टेरोस होते, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळी त्या नावाचा दरारा मोठा होता.

पुढे पन्नाशीनंतर ज्येष्ठांच्या टूरवर त्यांनी १९ स्पर्धा जिंकल्या आणि २००६ मध्ये वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. तीन प्रमुख विजेतेपदे आणि अशी रायडर कप कामगिरी गाठीशी असूनही अमेरिकेच्या त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. मी याला सरळ अन्याय म्हणतो. अबोल, मितभाषी माणसाला संघ सांभाळता येणार नाही असे कोणाला वाटले असेल, तर त्या माणसाने युद्धात पायदळाच्या तुकडीचे नेतृत्व केले होते, याचा विचार तेव्हा व्हायला हवा होता.