ज्याला अडवायचंच नाही: मिडलाइन ऑप्शनचं गणित

मंडळी, आजचा विषय अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला एकच डाव आहे, मिडलाइन ऑप्शन. एका डावावर अख्खं व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटेल. पण इथे बसलेल्या अनेकांची मुलं, भाचे-पुतणे तिकडच्या विद्यापीठांत शिकतायत. त्यांच्याबरोबर सामना बघायला बसलं की समोर नुसती ढकलाढकली दिसते. त्या ढकलाढकलीमागे किती विचार असतो, हे या डावात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशातही दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी गणित मांडू. दोन्हीकडे 11 खेळाडू. हल्ला करणाऱ्यांपैकी एक जण चेंडू घेऊन पळतो, आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव सुरू होताच चेंडू हाती घेणाऱ्या गड्याने, तो त्याच्या हातात दिला की तोही बहुतेक वेळा मोकळाच राहतो. म्हणजे अडवायला उरले 9, आणि समोर 11. ही तूट भरून काढायची कशी? 1960 च्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल येओमन यांनी व्हीअर नावाची पद्धत रुजवली, तिच्यात याचं उत्तर होतं. बचावफळीतल्या एकाला मुद्दाम मोकळं सोडायचं, त्याला कुणी हातही लावायचा नाही. क्वार्टरबॅकने त्याच्यावर नजर ठेवायची. तो फुलबॅकवर, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मागून पळत येणाऱ्या गड्यावर, धावून आला तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा, नाही आला तर फुलबॅकला देऊन टाकायचा. कबड्डीत कसलेला चढाईपटू कोपऱ्याच्या पायांकडे बघत असतो आणि ज्याचं पाऊल आधी पडलं त्याच्यावर डाव साधतो, तसंच हे. एक माणूस न अडवताच बाद झाला आणि तुमचा एक गडी दुसऱ्या कामाला मोकळा झाला.

व्हीअरमध्ये मोकळा सोडलेला माणूस सहसा कडेचा असतो, डिफेन्सिव्ह एंड. मिडलाइनमध्ये हीच युक्ती पार आत आणली जाते. इथे मोकळा सुटतो डिफेन्सिव्ह टॅकल, बचावातला सगळ्यात धिप्पाड गडी, 130-140 किलोचा. तो गार्डच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या शेजारच्या गड्याच्या, बाहेरच्या खांद्यासमोर उभा असेल, तर प्रशिक्षक आनंदाने हा डाव लावतात. गार्ड त्याला ओलांडून थेट मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या गड्यावर, जातो. आयुष्यभर त्या टॅकलला एकच गोष्ट शिकवलेली असते, अंगावर येणाऱ्या माणसाचा रेटा ओळखायचा आणि त्यावरून चेंडू कुठे चाललाय ते ताडायचं. आणि इथे अंगावर कुणी येतच नाही! जागा मोकळी दिसते, अर्धं पाऊल पडतं, आणि तेवढ्यात निकाल लागलेला असतो.

आता क्वार्टरबॅकच्या पायांकडे बघू, कारण डाव तिथे जमतो किंवा फसतो. फुलबॅक त्याच्या मागे चार-पाच यार्डांवर बसलेला असतो आणि चेंडू हलताच सेंटरच्या पाठीच्या रोखाने नाकासमोर धावत सुटतो. म्हणजे क्वार्टरबॅक जिथे उभा आहे, बरोबर तिथूनच त्याला जायचं असतं. साध्या व्हीअरमध्ये फुलबॅक तिरका, गार्डच्या बाहेरच्या बाजूला जातो, त्यामुळे ही अडचण येत नाही. मिडलाइनमध्ये क्वार्टरबॅकला चेंडू हातात येताक्षणी छोटी उडी घेऊन त्या रेषेवरून बाजूला व्हावं लागतं. हात मागे लांबवून चेंडू फुलबॅकच्या पोटाशी टेकवायचा आणि त्याच्याबरोबर पुढे आणत न्यायचा. डोळे मात्र चेंडूवर नाहीत, फुलबॅकवर नाहीत, फक्त त्या टॅकलवर. चेंडू सोडायचा की ओढून घ्यायचा, हे हातांनी सेकंदभराच्या आत ठरवायचं. फुलबॅकनेही चेंडू घट्ट कवटाळायचा नाही, कारण तो आपल्याला मिळालाय की नाही हे त्यालाही अजून कळलेलं नसतं. दोघांनी एकदम ओढला की चेंडू जमिनीवर. म्हणून ही जोडी सरावात हे एवढंच पुन्हा पुन्हा घोटत असते, आणि पाठ व्हावं इतकं ते घोटावंच लागतं.

चेंडू क्वार्टरबॅककडे राहिला तर पुढे काय? टॅकल आत वळल्यामुळे त्याच्या मागे खिंड पडलेली असते. हल्ला करणाऱ्यांचा स्वतःचा टॅकल, म्हणजे गार्डच्या बाहेरचा गडी, डिफेन्सिव्ह एंडला बाहेर रेटतो, फळीच्या टोकामागे उभा असलेला स्लॉटबॅक पुढे घुसून लाइनबॅकरला गाठतो आणि क्वार्टरबॅक त्याच्या पाठोपाठ निघतो. काही संघ एंडलाही न अडवता त्याच्यावर पिचचा, म्हणजे चेंडू बाजूच्या साथीदाराकडे फेकण्याचा, तिसरा पर्याय ठेवतात. मला मात्र साधा दुहेरी डावच जास्त पटतो. त्यात चुकायला जागा कमी असते.

हा डाव ज्यांच्या नावाशी जोडला गेला ते प्रशिक्षक पॉल जॉन्सन. जॉर्जिया सदर्न विद्यापीठात त्यांनी 1999 आणि 2000 असं लागोपाठ दोनदा I-AA या दुसऱ्या स्तराच्या विभागाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मग नेव्ही, आणि 2008 ते 2018 जॉर्जिया टेक. नेव्ही, आर्मी आणि एअर फोर्स या लष्करी अकादमींनी ही पद्धत जपली त्याला कारण आहे. पुढे अधिकारी म्हणून सेवेत जायचं असल्याने तिथे वजनाचे आणि तंदुरुस्तीचे निकष लागू असतात. दीडशे किलोचे लाइनमन त्यांना मिळणार कुठून? मग समोरच्या सगळ्यात दांडग्या माणसाशी झुंजायचंच नाही, हा मार्ग त्यांना आपोआप सोयीचा ठरतो. 22 सप्टेंबर 2018 ला आर्मीने ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेपर्यंत खेचलं. आर्मी 21-28 ने हरली, पण 60 मिनिटांपैकी सुमारे 45 मिनिटं चेंडू तिच्याकडे होता. पुढे त्याच मोसमात सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक जिंकणारा ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक कायलर मरे बराच वेळ कडेला उभा राहून बघत होता. दर वेळी तीन-चार यार्ड पुढे सरकायचं आणि घड्याळ चालू ठेवायचं, यात मिडलाइनसारख्या डावांचा वाटा मोठा असतो.

मोकळा सोडलेला माणूस असामान्य निघाला तर? तसंही होतं. 2013 मध्ये पिट्सबर्गच्या ॲरन डोनाल्डने जॉर्जिया टेकविरुद्ध तब्बल सहा वेळा चेंडू नेणाऱ्याला डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागेच लोळवलं. पहिलं पाऊल इतकं चपळ असेल तर एकाच माणसाला फुलबॅक आणि क्वार्टरबॅक या दोघांच्याही वाटेत येता येतं. तरीही सामना टेकने 21-10 असा जिंकला. जाणते बचाव प्रशिक्षक आणखी एक तोड काढतात. टॅकलला आत पाठवून क्वार्टरबॅकला चेंडू ओढून घ्यायला लावायचं आणि त्याच क्षणी लाइनबॅकरला त्या खिंडीत उतरवायचं. मग हल्ल्याचा प्रशिक्षक पुढच्या वेळी बाहेरची व्हीअर लावतो. ही चढाओढ सामनाभर चालते आणि मला ती लांबलचक पासपेक्षा जास्त देखणी वाटते.

2022 पासून कमरेखाली अडवण्याचे नियम कडक झाले. लाइनच्या मधल्या पट्ट्याबाहेर ते बंद झालं आणि बाहेर पळणाऱ्या ऑप्शनची अडचण झाली. मिडलाइन मधोमध चालते, त्यामुळे तिला कमी फटका बसला. आर्मीने 2023 मध्ये शॉटगनची, म्हणजे क्वार्टरबॅकला सेंटरपासून काही यार्ड मागे उभं करण्याची, वाट धरली, पण ते जमलं नाही. 2024 मध्ये तिने क्वार्टरबॅकला पुन्हा सेंटरच्या अगदी पाठीशी आणलं, ती 12 सामने जिंकली आणि अमेरिकन कॉन्फरन्सचं विजेतेपदही मिळवलं. क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने त्या मोसमात स्वतः धावून 32 टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला.

पुढच्या वेळी आर्मी किंवा एअर फोर्सचा सामना लागला, तर सुरुवातीला चेंडूमागे नजर धावू देऊ नका. गार्डवर ठेवा. समोरच्या टॅकलला न शिवता तो पुढे निघाला, की लगेच त्या टॅकलचे खांदे कुठे वळतात ते बघा. चेंडू कुणाकडे राहणार, हे तुम्हाला समालोचकाच्या आधी सांगता येईल.