एकात एक अडकलेले दोन ग्लास

नमस्कार मंडळी! घरात स्टीलचे दोन ग्लास एकात एक अडकून बसले की आपण काय करतो, आतल्यात गार पाणी ओततो, बाहेरचा गरम पाण्यात धरतो, आणि मग सुटतात ते. एवढं लक्षात ठेवा हं, पुढे लागणारे.

आज गोष्ट आहे अमेरिकेतल्या बोइंग ७३७ ची. ८ सप्टेंबर १९९४, संध्याकाळचे सात वाजून गेलेले, शिकागोहून आलेली यूएसएअरची फ्लाइट ४२७ पिट्सबर्गला उतरायच्या तयारीत, हवा एकदम स्वच्छ. पुढे गेलेल्या एका विमानाच्या हवेच्या भोवऱ्यात हे जरासं हललं, तसं ते नेहमीच होतं, पण हे विमान एकदम डावीकडे वळलं आणि सहा हजार फुटांवरून जे नाक खाली करून गेलं ते अर्ध्या मिनिटात जमिनीवर. १३२ माणसं, एकही वाचलं नाही.

संशय गेला रडरवर. रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाला मागे असलेली हलणारी फळी, पायलट ती पायातल्या पेडलने फिरवतो. आता गंमत अशी की (गंमत कसली म्हणा) त्या विमानाच्या ब्लॅक बॉक्समध्ये रडर कुठे वळला होता याची नोंदच होत नव्हती! मग तपासवाल्यांनी काय केलं, कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये पायलटचा श्वास, कण्हणं, जोर लावताना निघणारा आवाज, हे सगळं परत परत ऐकलं, की बाबा कुठल्या क्षणी याचा पाय पेडलशी झगडत होता. मला हे वाचताना काटा आला.

आणि ही पहिली वेळ नव्हतीच. ३ मार्च १९९१ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जला युनायटेड कंपनीची फ्लाइट ५८५ अशीच पडली होती, २५ जण गेले, आणि १९९२ च्या रिपोर्टमध्ये लिहिलं, कारण सापडलं नाही. कोणाला ते हात वर करणं वाटेल, मला तरी ते प्रामाणिक वाटतं.

मग जून १९९६ मध्ये नशीब म्हणा काही म्हणा, ईस्टविंड कंपनीच्या ७३७ ला रिचमंडजवळ तोच झटका बसला, पण स्पीड जास्त होता म्हणून पंखांवरच्या एलरॉन्सनी (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या फळ्या) रडरला आवरलं आणि सगळे ५३ जण उतरले. ४२७ चा स्पीड होता १९० नॉट्स (ताशी साधारण ३५० किलोमीटर), आणि त्या स्पीडला रडर पूर्ण वळला तर एलरॉन जेमतेम पुरतात. पण आता काय झालं ते सांगायला ईस्टविंडचा पायलट जिवंत होता ना!

मग आला ग्लासांचा प्रयोग. रडरला जोर देणाऱ्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रात एक सर्वो व्हॉल्व्ह असतो, म्हणजे तेल कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणारी झडप, कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा, त्यात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. ४२७ चाच व्हॉल्व्ह उणे तापमानात गोठवला आणि वरून गरम हायड्रॉलिक तेल सोडलं. आतला भाग आधी फुगला, बाहेरचा अजून गारच, झालं, अडकला! नंतर बोइंगच्याच इंजिनिअरच्या लक्षात आलं की बाहेरची नळी अशी अडकली तर आतली प्रमाणाबाहेर सरकते, तेल भलत्या वाटेने जातं आणि रडर उलटा फिरतो. म्हणजे पायलट उजवं पेडल दाबतोय आणि विमान डावीकडे, बिचारा अजून जोर लावतोय. आणि अडकलेली नळी सुटली की व्हॉल्व्ह परत चांगला, आत ओरखडासुद्धा नाही!

म्हणूनच साडेचार वर्षं लागली, मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास बोर्डाने 'बहुधा हेच कारण' म्हणून सांगितलं. मोठ्या जेटमध्ये रडरला दोन-तीन यंत्रं असतात, ७३७ ला तेव्हा एक फळी आणि एकच मुख्य यंत्र, ही गोष्ट आधी कोणाला खुपली कशी नाही याचा मला अजून राग येतो. २००२ मध्ये हुकूम निघाला की ७३७ ची रडर सिस्टीम बदला. आणि त्याच्या आदल्या वर्षी ५८५ ची जुनी फाइल परत उघडून 'कारण सापडलं नाही' ते खोडलं, तिथेही रडर लिहिलं, दहा वर्षांनी.