न मागितलेली उचल

श्रोतेहो, नमस्कार.

2024 सालचा ऑगस्ट महिना. राखीपौर्णिमा तोंडावर आली होती. लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून 3,000 रुपये खात्यांवर पडायला लागले होते, आणि वाईत आमच्या आळीत त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. अशात एका संध्याकाळी मागच्या आळीतल्या एक वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत मोबाईल आणि कोपरे दुमडलेलं एक जुनं पासबुक.

"काका, पैसं जमा झालं म्हणून मेसेज आलाय. पण मशीन काय देईना."

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली निम्मी काउंटरच्या आतल्या बाजूला. त्यामुळे पासबुक बघताच माझ्या लक्षात आलं, की हे त्यांचं रोजच्या वापरातलं खातं नव्हे. वहिनी पूर्वी शिरवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जायच्या. कंपनीने पगारासाठी उघडून दिलेलं हे खातं. एप्रिल 2019 चा पगार शेवटचा. मे महिन्यात त्यांनी एटीएममधून पैसे काढले, 236 रुपये मागे राहिले, नोकरी सुटली आणि खातं डोक्यातून गेलं. पण त्या खात्याला तेव्हा आधार जोडलेलं होतं. सरकारी योजनेचे पैसे आधार जिथे जोडलेलं असेल त्या खात्यात जातात. पाच वर्षांपूर्वी विसरलेल्या खात्यात वहिनींचे 3,000 रुपये जाऊन पडले ते असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं. प्रिंटर कर्रकर्र वाजत राहिला, क्लार्कने दोनदा पान उलटलं. ओळीमागून ओळ, दर तिमाहीला एकच आकडा: 177, 177, 177. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून 150 रुपये दंड आणि त्यावर 18 टक्क्यांनी 27 रुपये जीएसटी. पगार थांबल्यावर बँकेने ते खातं साधं बचत खातं करून टाकलं होतं, आणि त्या बँकेत साध्या खात्याला किमान शिल्लक लागायची. सप्टेंबर 2019 च्या दंडानंतर 59 रुपये उरले. डिसेंबरच्या दंडाने खातं 118 रुपये मायनसमध्ये गेलं. तिथून जून 2024 पर्यंत ते खाली खाली जात 3,304 रुपये मायनसवर पोचलं. मग त्यात 3,000 आले. शेवटच्या ओळीत शिल्लक होती, मायनस 304.

काउंटरवरचा मुलगा तसा भला होता. म्हणाला, "मावशी, 304 भरा, मी खातं बंद करून देतो. विषय संपला." वहिनींनी पर्स उघडलीसुद्धा. मी त्यांचा हात धरला.

श्रोतेहो, इथे थोडं थांबून बोलायचं आहे. बँकेच्या भाषेत खात्यात नसलेले पैसे वापरणं म्हणजे ओव्हरड्राफ्ट, आपल्या भाषेत उचल. उचल घ्यायला माणूस बँकेत जातो, अर्ज करतो, सही करतो. वहिनींनी काय उचललं होतं? एक रुपया नाही. दंड बँकेनेच लावला, तो भरायला खात्यात पैसे नव्हते म्हणून बँकेनेच तो उधारीवर मांडला, आणि त्या उधारीपायी एका बाईचे सणाचे पैसे घेतले. त्याच दिवसांत राज्य सरकारनेही बँकांना सांगितलं होतं, की या योजनेची रक्कम जुन्या थकबाकीत वळती करू नका. तरीही असं घडलं, आणि मला त्याचा राग आला. आजही येतो.

नियम काही नवे नाहीत. रिझर्व्ह बँकेने मे 2014 मध्येच बँकांना बजावलं, की निष्क्रिय झालेल्या खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायचा नाही. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही, की खातं निष्क्रिय होतं. यातला 'स्वतः' हा शब्द घट्ट धरून ठेवा. बँकेने कापलेला दंड किंवा बँकेने जमा केलेलं व्याज हा तुमचा व्यवहार नव्हे. दर तिमाहीला दंडाची नोंद पडत होती म्हणून खातं चालू होतं, असं बँकेला म्हणता येत नाही.

दुसरा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू झाला. किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, ती भरून काढायला महिनाभर मुदत द्यायची, आणि त्यानंतरच दंड. हा दंड जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात असला पाहिजे. आणि केवळ या दंडापायी बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये. खात्यात 59 रुपये असतील तर बँकेला फार तर 59 घेता येतील, साठावा रुपया नाही.

त्या रात्री आमच्या ओट्यावर बसून मी आणि वहिनींच्या मुलीने वहीत हिशेब मांडला. मे 2021 मध्ये खात्याला दोन वर्षं पुरी झाली. त्यानंतर जून 2024 पर्यंतच्या 13 तिमाह्या, दर तिमाहीला 177, म्हणजे 2,301 रुपये. हे निष्क्रिय खात्यावर लावलेले, मुळातच लावायचे नव्हते. सप्टेंबर 2019 चा पहिला दंड खात्यातल्या पैशांतून गेला होता, तो सोडून त्याआधीच्या सहा तिमाह्यांचे 1,062. त्यातले 59 तेवढे खात्यात होते, बाकीच्या 1,003 रुपयांनी खातं शून्याच्या खाली नेलं. 2,301 आणि 1,003, बेरीज 3,304. पासबुकातला मायनसचा आकडा जसाच्या तसा. पोरीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे आईचं काहीच देणं नव्हतं."

अर्ज एका पानाचा केला. खाते क्रमांक, शेवटचा व्यवहार कधीचा, दंडाच्या तारखा आणि रकमा एकाखाली एक, वरच्या दोन नियमांचा उल्लेख, आणि शेवटी दोन मागण्या. 3,304 रुपये परत जमा करा, आणि प्रत्येक दंडाआधी आम्हाला कोणत्या तारखेला कळवलंत ते लेखी द्या. ही दुसरी मागणी तुमच्या अर्जात जरूर घाला. मी आतल्या बाजूला बसलेलो माणूस आहे, म्हणून खात्रीने सांगतो, दंड आपोआप लागतो, पण कळवल्याचा पुरावा कुणालातरी शोधून काढावा लागतो. सोबत पासबुकाच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच मागितली. शाखेत आधी टाळाटाळ झाली, "साहेब मीटिंगला गेलेत." आम्ही बाकावर बसून राहिलो. शिक्का दुपारी तीनला मिळाला. तुम्हाला नाहीच मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

एक खबरदारी मात्र घ्या. मायनसच्या आकड्यात कधी डेबिट कार्डाची वार्षिक फीही मिसळलेली असते. किमान शिल्लकेच्या दंडाचे नियम त्या फीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिची तक्रार वेगळी मांडा, नाहीतर बँक तेवढ्याच मुद्द्यावर उत्तर देऊन मोकळी होते. आणि तुमचं खातं पतसंस्थेत असेल तर तिथे रिझर्व्ह बँकेचे हे नियम चालत नाहीत. सहकारी बँकेत असेल तर मात्र निष्क्रिय खात्याचा नियम तिलाही बांधतो. 1 एप्रिल 2024 पासूनच्या सुधारित सूचनांत तसं स्पष्ट आहे. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला पैसे घ्यायचे नाहीत आणि बचत खात्यावरचं व्याज खातं निष्क्रिय असलं तरी देत राहायचं, हेही त्याच सूचनांत आहे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज करता येतो. ते जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राकडे कागदावर तक्रार पाठवा, मराठीत लिहिली तरी चालते. चौकशीसाठी टोल फ्री क्रमांक 14448. पण आधी बँकेला लेखी अर्ज केलेला हवा, नाहीतर लोकपाल तक्रार परत पाठवतात. ती शिक्क्याची पोहोच इथे उपयोगी पडते.

वहिनींना तिथवर जावं लागलं नाही. एकविसाव्या दिवशी फोन आला. रक्कम परत जमा झाली होती. कळवल्याच्या तारखांचं उत्तर मात्र आजतागायत आलेलं नाही.

तोवर राखी होऊन गेली होती, गणपतीही येऊन गेले होते. वहिनी पुन्हा बँकेत गेल्या, पासबुक भरून घेतलं आणि तिथून थेट माझ्याकडे आल्या. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, तीन हजार. मग म्हणाल्या, "आता हे काढते, आधार माझ्या नेहमीच्या खात्याला जोडते, आणि हे खातं बंद करायचा अर्ज तेवढा लिहून द्या."

मी लिहून दिला. दोन प्रतींत.

नमस्कार.