घरात आणखी कोण कोण?

(दृश्य : प्रयोगशाळेतलं टेबल, काचेचा पेला)

1984 साल. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात डॉ. बॅरी मार्शल जंतूंनी भरलेलं द्रावण स्वतःच पिऊन टाकतात. काही दिवसांत ओकाऱ्या सुरू होतात, जठराला सूज येते. जठराची सूज या जंतूमुळे येते, त्यांना हेच दाखवायचं होतं! (घरच्यांचं काय झालं असेल, तो वेगळ्या माहितीपटाचा विषय.) या जंतूच्या शोधासाठी 2005 मध्ये रॉबिन वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं.

(दृश्य : दुर्बिणीतून दिसणारं जठर)

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. बहुतेकदा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून तो पोटात येतो आणि मुक्काम ठोकतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींच्या जठराचं अस्तर मात्र वर्षानुवर्षं सुजत, झिजत जातं आणि त्यातून कधी जठराचा कॅन्सर होतो. तंबाखू आणि खारवलेलं अन्न त्यात भर घालतात. पोटात जळजळलं की माणूस म्हणतो, "पित्त असेल", आणि गोळी घेतो. कॅन्सरची गाठ कळते तेव्हा ती बऱ्याचदा पसरलेली असते.

(दृश्य : समुद्र, बेटं, फुगणारी पिशवी)

तैवानच्या मात्सू बेटांवर हा कॅन्सर फार होता. 2004 पासून तिथं प्रौढांची श्वासचाचणी सुरू झाली: एक द्रावण प्यायचं, थोडं थांबायचं, पिशवीत फुंकायचं. जंतू सापडला की औषधाचा कोर्स. संसर्गाचं प्रमाण 64 टक्क्यांवरून 15 वर आलं आणि नव्या कॅन्सररुग्णांचं प्रमाण निम्म्याहून खाली गेलं. तेही मोठ्या इस्पितळांपासून लांब, समुद्रापलीकडे.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी योजनेतून जठराची तपासणी होते. निदानानंतर पाच वर्षं जगणारे रुग्ण तिथं शंभरात सत्तरहून जास्त. अशी योजना नसलेल्या अमेरिकेत चाळीसही नाहीत. त्याच अमेरिकेत कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि स्थलांतरित कुटुंबांत हा आजार अधिक. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूलनिवासी माओरींच्या वाट्याला तेच. गर्दीची घरं, अस्वच्छ पाणी, उशिरा मिळणारा डॉक्टर: शस्त्रक्रियेच्या टेबलावर येण्याआधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं.

औषधही सोपं नाही. सहसा दोन आठवडे रोज मूठभर गोळ्या, तोंड कडू, पोट बिघडलेलं. अनेक जण मध्येच सोडतात, आणि उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून कोर्स संपल्यावर निदान महिनाभराने पुन्हा पिशवीत फुंकायचं.

(दृश्य : तपासणीची खोली. डॉक्टर अहवाल मिटतात.)

"घरात आणखी कोण कोण आहे? त्यांनाही घेऊन या."